डाव्या पायाची गोष्ट

गेल्या दिवाळीत याच पानावर मी आमच्या घरातल्या लंबकाच्या घड्याळाविषयी लिहिले होते. त्यावर एका वाचकभगिनींनी पत्र पाठवून विचारले, "तुमच्या घरात नीट चालणारी एखादी तरी वस्तू आहे की नाही?" प्रश्न अगदी रास्त होता. मी घरभर नजर फिरवली. घड्याळ पुन्हा बंद पडले होते. रेडिओ घसा बसल्यासारखा बोलत होता. आणि खाली, जिन्याजवळच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली झाकलेली आमची मोटार सहा वर्षांत जागची हलली नव्हती. तेव्हा त्या पत्राचे उत्तर म्हणून यंदा मोटारीविषयी लिहितो. सगळ्या मोटारीविषयी नव्हे, फक्त तिच्या क्लचविषयी. वाचक म्हणतील, मराठीच्या प्राध्यापकाचा आणि क्लचचा संबंध काय? तोच संबंध सांगायचा आहे. तो थोडा व्याकरणाचा आहे आणि बराचसा घरगुती आहे.

आमची मोटार स्टँडर्ड हेराल्ड. इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीला १९५९ साली ट्रायम्फ हेराल्ड या नावाने ती प्रथम बाहेर पडली. तिचे रूप जिओव्हानी मिकेलोत्ती या इटालियन रेखाटनकाराने रेखाटले होते. १९६१ पासून ती आपल्याकडे मद्रासला बनू लागली. इंजिन अवघे ९४८ सी.सी.चे, पण दिमाख मोठा. तिचे बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलटते आणि इंजिन, चाके सगळे एकदम उघडे पडते. वळायला तिला २५ फुटांचे वर्तुळ पुरते. पुण्याच्या पेठांतून हा गुण केवढा मोलाचा, ते पेठांत राहिलेल्यांना सांगायला नको.

बाबांनी ती १९७९ साली दुसऱ्या हाताने घेतली. मी घरात आलो तो त्यानंतर एका वर्षाने. त्यामुळे घरातल्या थोरलेपणाचा मान मोटारीकडे गेला आणि तो शेवटपर्यंत तिच्याकडेच राहिला. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान आधी तिला आणि मग मला! आई याच मोटारीवर चालवायला शिकली. खडकवासल्याच्या रस्त्यावर बाबा तिला रविवारी सकाळी घेऊन जात. आमच्या आळीत बायकांनी मोटार चालवायची तेव्हा पद्धत नव्हती. आई पहिल्यांदा एकटी मोटार घेऊन मंडईत गेली, तेव्हा भाजीवाल्या मावशींनी कोथिंबिरीची एक जुडी फुकट दिली, असे ती अजून सांगते.

सहा वर्षांपूर्वी बाबा गेले आणि मोटारीवर ताडपत्री पडली. गिऱ्हाईक येई, किंमत बोले, आई चहा देई आणि नंतर मला म्हणे, "घाई कसली आहे?" यंदाच्या गुढीपाडव्याला मात्र तिने पान वाढता वाढता विषय काढला.

"अरे, जानेवारीत माझ्या लायसनची मुदत संपते. त्याआधी एकदा खडकवासल्यापर्यंत मोटार मी नेणार आहे. मग विकायची तर विक."

आई ७३ वर्षांची आहे. तिचा डावा गुडघा दुखतो. आणि मोटारीत क्लच असतो तो नेमका डाव्या पायाखाली. हे सगळे मला त्या क्षणी सुचले. पण मी "बरं" म्हणालो. सणाच्या दिवशी पानावर बसून दुसरे काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी ताडपत्री काढली. क्लचचे पेडल पायाने दाबले, तर ते एखाद्या मऊ उशीसारखे थेट जमिनीला जाऊन टेकले. बॉनेट उलटवून पाहिले. क्लचच्या तेलाचे छोटेसे भांडे कोरडे ठणठणीत होते. एका मोटारवेड्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, "अरे, ब्रेक ऑइल टाक, झालं!"

आता इथे माझ्यातला भाषेचा प्राध्यापक आडवा आला. ऑइल म्हणजे तेल. घरात इंजिन ऑइलचा अर्धा डबा शिल्लक होता. तेल ते तेल. ब्रेकला घातले की ब्रेक ऑइल, इंजिनात घातले की इंजिन ऑइल. षष्ठी तत्पुरुष समास, विग्रह सरळ! मी भांडे काठोकाठ भरले आणि पेडल पंधरा-वीस वेळा मारले. आठवड्याने पाहतो तो पेडल खाली गेले की वर यायलाच तयार नाही.

नाना पेठेतून आमचे जुने मिस्त्री आले. ते बाबांच्या वेळेपासूनचे. त्यांनी भांड्यात बोट बुडवले, चोळले, हुंगले आणि माझ्याकडे असे पाहिले, की वर्गातला शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी माझ्याकडून काय अनुभवत असेल ते मला एकदम समजले.

"सर, हे काय घातलंत?"

"ऑइल."

"अहो, ब्रेक ऑइल हे ऑइल नसतंच!"

वीस वर्षे शब्दार्थ शिकवणाऱ्या माणसाला हा टोला पुरेसा होता. ज्याला सारे गॅरेज ब्रेक ऑइल म्हणते, ते खनिज तेल नव्हे. ग्लायकॉल जातीच्या रसायनांपासून केलेले ते एक वेगळेच द्रव असते. हेराल्डसारख्या जुन्या मोटारींतले रबरी कप त्या द्रवाच्या सवयीचे. त्यांना खनिज तेल लागले की ते फुगतात. मिस्त्रींनी सिलिंडर खोलून दाखवले. आतले कप पाण्यात भिजवलेल्या मनुकांसारखे टम्म झाले होते आणि दट्ट्या जागीच अडकला होता. समासाचा विग्रह बरोबर होता. अर्थ तेवढा चुकला होता.

इथे क्लचची थोडी ओळख करून दिली पाहिजे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला तो मध्यस्थ. पेडल दाबले की तो दोघांना दूर करतो, सोडले की हळूहळू जवळ आणतो. जुन्या मोटारींत पेडल आणि क्लच यांच्यामध्ये लोखंडी दांड्या असत. पण इंजिन रबरावर बसवलेले असते आणि चालू झाले की ते हलते. दांड्यांना तो हलकल्लोळ सोसत नाही. क्लच सुटताना मोटार थरथरते. म्हणून दांड्यांच्या जागी द्रवाने भरलेली नळी आली. नळी वाटेल तशी वळते आणि इंजिनाच्या हलण्याचे तिला काही वाटत नाही. पेडलाजवळ एक छोटे नळकांडे, त्याला मास्टर सिलिंडर म्हणतात. गिअरबॉक्सजवळ दुसरे, ते स्लेव्ह. म्हणजे मालक आणि गुलाम. पाय मालकाचा दट्ट्या ढकलतो, द्रव नळीतून धावतो आणि गुलामाचा दट्ट्या क्लचचा दांडा ढकलतो.

यामागचा नियम सतराव्या शतकातल्या पास्कल या फ्रेंच विद्वानाचा. कोंडलेल्या द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. त्यामुळे मालक अरुंद आणि गुलाम रुंद ठेवला, की थोड्या जोरात मोठे काम होते. मात्र फुकट काही मिळत नाही. जोर वाचला तेवढे अंतर जास्त चालावे लागते. पायाचा बराच प्रवास होतो, तेव्हा तिकडे दांडा थोडासा सरकतो.

या द्रवाला एक खोड असते. ते हवेतला ओलावा शोषून घेते. वर्षानुवर्षे बदलले नाही, की त्यात पाणी साठते, नळकांड्याच्या आतल्या पृष्ठभागाला गंज धरतो, बारीक खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांवर घासून रबर झिजते. मग गळती. आमच्या मास्टरची हीच गत होती. माझ्या तेलाने त्यावर कळस चढवला एवढेच. शिवाय गळलेल्या द्रवाने पेडलांच्या मागच्या पत्र्याचा रंग सोलून काढला होता, कारण रंगाशीही त्याचे वैर.

मिस्त्री म्हणाले, "सर, हा मास्टर जाऊ द्या. दुसऱ्या गाडीचा मोठ्या तोंडाचा मास्टर बसतो इथे. पेडल खोल जायची तक्रारच संपेल." आमच्या मास्टरचे तोंड पाच-अष्टमांश इंच, हा नवा पाऊण इंचाचा. म्हणजे फरक अवघा एक-अष्टमांश इंच. सुधारणा म्हटली की माणसाला मोठे तेच चांगले वाटते. मी होकार दिला.

नवा मास्टर बसला. पेडल खरोखरच वरच्या वर काम करू लागले. मी गल्लीत एक चक्कर मारून आलो आणि मोठ्या ऐटीत आईला खाली बोलावले. ती चष्मा पुसून, पदर खोचून मोटारीत बसली. तिने क्लच दाबला. म्हणजे दाबायचा प्रयत्न केला. पेडल अर्ध्यावर गेले आणि तिथेच थांबले. तिने सीटला पाठ रेटून पुन्हा जोर केला. तिच्या ओठांची रेघ झाली. मग तिने पाय काढला, गुडघ्यावरून हात फिरवला आणि हसून म्हणाली, "छान झालीय हो गाडी. आता तूच चालव."

इतकेच म्हणाली आणि वर गेली. रात्री जेवताना तिने मोटारीचा विषय काढला नाही. पण जेवण झाल्यावर म्हणाली, "तो गिऱ्हाईक परत आला तर हो म्हण."

त्या रात्री मी कागद घेऊन बसलो. गणित मला कधीच आवडले नाही, पण हे साधे होते. पाच-अष्टमांशच्या जागी पाऊण, म्हणजे सहा-अष्टमांश. नळकांड्याचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. पाचाचा वर्ग २५, सहाचा ३६. जिथे आईच्या पायाला २५ भाग जोर लागत होता, तिथे मी ३६ भाग मागत होतो. मला, माझ्या दोन धडधाकट गुडघ्यांना, तो फरक कळलाच नव्हता. सुधारणा मी केली होती. पण ती माझ्या पायाच्या मापाने केली होती.

कागदाकडे पाहता पाहता मला खंबाटकी घाट आठवला. १९८८ साल असेल. वाईहून, म्हणजे आईच्या माहेरून, आम्ही पुण्याला परतत होतो. घाटात क्लचची नळी फुटली आणि पेडल जमिनीला टेकले. मी मागच्या सीटवर रडकुंडीला आलो. बाबांनी इंजिन बंद केले, मोटार पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि त्याच स्थितीत स्टार्टर मारला. मोटार बेडकासारखी उडी मारून चालू लागली. पुढचे गिअर त्यांनी क्लचशिवायच बदलले. पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, इंजिनाचा आवाज उतरू द्यायचा आणि दोघांचा वेग जुळला की गिअर अलगद सरकवायचा. आई शेजारी बसून कान देऊन ऐकत होती आणि हळूच "आता" म्हणत होती. बाबा तिच्या "आता"वर गिअर टाकत होते. घरी पोचल्यावर ते म्हणाले होते, "क्लच गेला म्हणून मोटार थांबत नाही. फक्त तिचं ऐकून घेत चालवावी लागते."

त्या रात्री मला वाटले, मोटारीचे ऐकून घेणारी घरातली खरी जाणकार तर वर झोपली आहे. आणि आपण मित्राला विचारले, मिस्त्रींना विचारले, तिला सोडून सगळ्यांना विचारले.

सकाळी विचारले. "आई, पूर्वी हा क्लच कसा होता गं?"

ती म्हणाली, "हलका होता. पण खोल जायचा. तुझे बाबा म्हणायचे, तेल कमी नाही, कुठंतरी ढिलाई आहे. ती शोधायची राहूनच गेली."

तो शब्द घेऊन मी मिस्त्रींकडे गेलो. ढिलाई! ते क्षणभर गप्प राहिले. मग पेडलाखाली डोके घालून त्यांनी पेडल बोटाने हलवले. मास्टरचा दांडा पेडलाला एका छोट्या पिनेने जोडलेला असतो. ती पीन झिजून मध्ये बारीक झाली होती आणि तिचे भोक गोल न राहता लांबट झाले होते. फरक एखाद-दीड मिलिमीटरचा. पण पेडल ही तरफ आहे. तिथला एक मिलिमीटर पायाशी येईपर्यंत पाच-सहा पट होतो. शिवाय पेडलाचे बूश ढिले, स्लेव्हच्या बाजूचीही पीन झिजलेली. पायाचा कितीतरी प्रवास द्रव ढकलण्याच्या आधीच या पोकळ्या भरण्यात वाया जात होता. त्यासाठी आम्ही मालकच बदलला!

मिस्त्रींनी कानाची पाळी धरली. म्हणाले, "वहिनींनी सांगितलं ते आमच्या लक्षात यायला पाहिजे होतं." मी म्हटले, "आपण दोघंही सारखेच." आणि आम्ही चहा घेतला.

मग खरे काम सुरू झाले. जुना मास्टर आणि जुना स्लेव्ह दोन्ही लेथवर नेले. आतला गंजका भाग कापून तिथे स्टेनलेस स्टीलची बाही बसवली आणि तिचे तोंड पुन्हा पूर्वीइतकेच, पाच-अष्टमांश इंच, राखले. पोलादी बाहीला आता गंजाची भीती उरली नाही. आत नवे रबरी कप. जुन्या रबरी नळीच्या जागी पोलादी तारांचे विणकाम असलेली नळी; ती दाबाखाली फुगत नाही, त्यामुळे पायाचा जोर वाटेत गळत नाही. माझ्या तेलाचा थेंबही राहू नये म्हणून धातूची नळी पुन्हा पुन्हा धुतली. नव्या पिना, नवी बुशे, लांबट भोके भरून पुन्हा गोल पाडलेली. मोटारवेड्या मित्राने सिलिकोनचे द्रव सुचवले. ते ओलावा शोषत नाही आणि रंगही खात नाही. मिस्त्री म्हणाले, "पण ते जुन्या ऑइलात मिसळून चालत नाही. उद्या वाटेत कुणी साधं ओतलं तर? त्यापेक्षा साधंच घाला आणि दर दोन वर्षांनी बदला." ओतणारा कोण, हे त्यांनी सौजन्याने सांगितले नाही.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो. अनेक प्रती ताडून त्यांनी हस्तदोष काढले आणि पुढे कुणी तिच्यात आपली ओवी घालू नये, असेही बजावले. काढायचे काय आणि घालायचे काय, यातला विवेक त्यांनी दाखवला. आता नाना पेठेतली पीन आणि पैठणचे नाथ यांची तुलना करणे म्हणजे अगोचरपणाच. पण शिकवलेला धडा स्वतःला समजायला कधी कधी अशी एखादी पीन लागते. जुन्या वस्तूची सुधारणा करताना आधी तिच्यातली ढिलाई काढावी. आपली भर घालण्याचा विचार त्यानंतर. पोलादी बाही ही भर खरीच. पण ती जुन्या मापात बसली.

शेवटचे काम हवा काढण्याचे. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर तो दाबला जातो आणि पेडल स्पंजासारखे होते. या कामाला दोघे लागतात, एक पेडलावर आणि एक स्लेव्हच्या निपलाशी. मिस्त्रींना त्या दिवशी उशीर होणार होता. आई म्हणाली, "त्यात काय, मी आहे ना."

हेराल्डचा गिअरबॉक्स झाकणारे कवच मोटारीच्या आतूनच निघते. शेजारची सीट काढून मी तिथे आडवा झालो. निपलाला पारदर्शक नळी लावली, तिचे दुसरे टोक बाटलीतल्या द्रवात बुडवले, म्हणजे हवा उलटी आत शिरत नाही. डोळ्यांसमोर आईचा डावा पाय होता. जोडव्याचे बोट, टाचेला भेगा.

"दाब," मी म्हणालो.

"'दाब' नाही, 'धर' म्हणायचं," ती वरून म्हणाली. "आणि तू निपल मिटल्याशिवाय मी सोडायचं नाही. नाहीतर हवा परत जाते. तुझ्या बाबांबरोबर किती वेळा केलंय मी हे!"

मला हे ठाऊकच नव्हते. मला वाटत होते, मोटारीचे सगळे बाबा करत. मी "धर" म्हणत गेलो, ती "धरलं" म्हणत गेली. नळीतून आधी नुसते बुडबुडे आले, मग बुडबुडे आणि द्रव, मग एकेक चुकार बुडबुडा, आणि शेवटी स्वच्छ, अखंड धार. मध्ये एकदा भांड्यातले द्रव खाली गेले. "वर बघ, भरायचं राहिलं," तिनेच आठवण केली. पंचवीसेक वेळा झाल्यावर ती म्हणाली, "आता लागला." पाय तिचा होता, निर्णय तिचाच.

"गुडघा?" मी विचारले.

"गुडघ्याला कळलंसुद्धा नाही."

पुढच्या रविवारी सकाळी सहाला आम्ही निघालो. रस्त्यावर फक्त दूधवाले आणि धावायला निघालेली मंडळी. हेराल्डचा पहिला गिअर चालत्या मोटारीत टाकू गेले तर किंचाळतो, म्हणून आई प्रत्येक ठिकाणी मोटार पूर्ण थांबवून मगच पहिला टाकत होती. मी शेजारी, पाय उगीचच आवळून बसलो होतो. सिंहगड रस्त्यावर तिने दुसऱ्यावरून तिसरा टाकला, तेव्हा नकळत तिच्या तोंडून हळूच "आता" निघाले. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

धरणाशी तिने मोटार उभी केली. पाण्यावर धुके होते. आम्ही भाजलेली कणसे खाल्ली. ती काही बोलली नाही, मीही बोललो नाही. परत येतानाही तीच बसली चालवायला. मी विचारलेदेखील नाही.

घरी आल्यावर तिने ताडपत्रीची घडी घालून माळ्यावर टाकायला सांगितली. मग जिना चढता चढता, कठड्याला धरून थांबून, म्हणाली, "लायसन पुढं पाच वर्षं वाढवायचं तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं म्हणे. ते काय ते बघून ठेव. आणि हो, त्या इंजिन ऑइलच्या डब्यावर मोठ्या अक्षरात नाव लिही. तुझं काही सांगता येत नाही."

डब्यावर नाव लिहिले आहे. पत्र पाठवणाऱ्या भगिनींना कळवण्यास आनंद वाटतो की, आमच्या घरात एक वस्तू नीट चालते आहे. घड्याळाचे पुढच्या दिवाळीत पाहू.